वीस पटीची दुर्बीण

"येताना वीस पटीची दुर्बीण आण," बाबांनी पुण्याहून फर्मावलं. निवृत्तीनंतर त्यांना पक्षी बघण्याचं वेड लागलंय.

मी राहतो त्या हॅरोमध्ये बेंटली प्रायरी आहे. १९४० साली ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचं मुख्यालय इथेच होतं. तेव्हाचं रडार समुद्राकडे बघायचं. शत्रूची विमानं किनारा ओलांडून आत आली की सगळी मदार ऑब्झर्व्हर कोअरच्या माणसांवर, म्हणजे डोळे, कान आणि दुर्बिणीवर!

त्या काळी बहुतेक दुर्बिणींच्या काचांना कोटिंग नसे. अशा काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४% प्रकाश परतवतो. दहा पृष्ठभागांत एक तृतीयांश प्रकाश गेला. झाइस कंपनीच्या स्माकुलाने १९३५ मध्येच त्यावर कोटिंग शोधलं होतं, पण जर्मनीने ते लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवलं.

म्हणून बाबांसाठी दुर्बीण बघताना मी आधी काचेतलं दिव्याचं प्रतिबिंब पाहिलं. पांढरं लख्ख दिसलं की ती बाद. फिकट हिरवं-जांभळं हवं. मग दुर्बीण हातभर लांब, आकाशाकडे धरली. डोळ्याकडच्या काचेत प्रकाशाची चकती दिसते, ती पूर्ण गोल हवी. तिचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. २०×५० ची अडीच मिलिमीटर, म्हणजे संध्याकाळी अंधार. शिवाय हात थरथरला की पक्षीही वीसपट थरथरणार. ७×५० ची सात, पण सत्तरीतली बाहुली तेवढी उघडतच नाही. ८×३२ ची बरोबर चार.

तीच घेतली. आता "फक्त आठच पट?" याचं उत्तर तेवढं तयार करायचंय.