राजधानी पडली तरी नगरची निजामशाही आणखी ३६ वर्षं कशी टिकली?

निजामशाही म्हटलं की अनेकांना हैदराबादचा निजाम आठवतो. पण नगरची निजामशाही वेगळी. हैदराबादच्या निजामाचं राज्य १७२४ मध्ये सुरू झालं, तोवर नगरची निजामशाही बुडून ८८ वर्षं झाली होती.

या घराण्याचं मूळ फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितलंय. त्याच्या म्हणण्यानुसार, पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला एक ब्राह्मण मुलगा लढाईत बहामनी सैन्याच्या हाती लागला. त्याला मुसलमान करण्यात आलं आणि पुढे मलिक हसन या नावाने तो बहामनी राज्याचा वजीर झाला. बीदरच्या राजकारणात त्याचा खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि स्वतंत्र राज्य उभं केलं. तिथेच त्याने अहमदनगर वसवलं, म्हणजे आजचं अहिल्यानगर.

१५६५ मध्ये विजयनगरचा पराभव करणाऱ्या सुलतानांमध्ये नगरचा हुसेन निजामशाह होता. पण १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद नगरवर चालून आला. हुसेनची मुलगी चांदबिबी हिने किल्ला लढवला. शेवटी वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १६०० मध्ये मुघल पुन्हा आले, तेव्हा चांदबिबी फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. किल्ला पडला, सुलतान कैद होऊन ग्वाल्हेरला गेला.

इथे राज्य संपायला हवं होतं. पण संपलं नाही, कारण मलिक अंबर.

मलिक अंबरचा जन्म आफ्रिकेतल्या इथिओपियाचा, साधारण १५४८ चा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. इथे त्याला विकत घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा, आणि तो स्वतःही हबशीच. त्या काळी दख्खनमध्ये हबशी गुलाम फौजेत चढत चढत सरदार होऊ शकत होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला आणि त्याने स्वतःची फौज जमवली.

१६०० मध्ये अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधून परांड्याला गादीवर बसवला. गादीवर मुर्तझा निजामशाह, कारभार अंबरचा. नगर हातात नव्हतं म्हणून राजधानी फिरत राहिली. परांडा, जुन्नर, दौलताबाद. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. मराठा सरदारांना सोबत घेऊन त्याने गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणलं. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात त्याला शिव्या घातल्या. इतकंच नाही, अंबरच्या तोडलेल्या शिरावर आपण बाण मारतोय असं चित्रही काढून घेतलं. प्रत्यक्षात ते शिर त्याच्या हाती कधीच लागलं नाही.

१६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला अंबरने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकत्र हरवलं. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी इथेच कामी आले.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याच्या मुलाच्या, फतेखानाच्या काळात १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांकडे गेलं आणि आणखी एक सुलतान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तेव्हा शहाजीराजांनी अंबरचाच मार्ग धरला. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर त्यांनी निजामशाही वंशातल्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. शाहजहान आणि आदिलशाह एक झाले, तेव्हा १६३६ मध्ये माहुली किल्ल्यावर त्यांना शरण जावं लागलं. निजामशाही तिथे संपली.

राजधानी पडल्यानंतरच्या या ३६ वर्षांत गादीवर निजामशाही रक्त होतं, पण राज्य राखलं ते आधी एका हबशाने आणि मग एका मराठ्याने. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० मध्ये, याच धामधुमीत शिवनेरीवर झाला. बलाढ्य बादशाहीला डोंगरातून झुंजवता येतं, हे दख्खनने त्याआधीच पाहिलं होतं. म्हणूनच पेमगिरी आणि भातवडी ही नगर जिल्ह्यातली दोन गावं आवर्जून पाहावीत अशी आहेत.