ईमेल वितरण : जोडणीतील बिघाड

दोन सर्व्हरमधील जोडणी न लागल्याने, उशिरा लागल्याने किंवा मध्येच तुटल्याने ईमेल न पोचणे. चुकीचा पत्ता किंवा भरलेली पेटी यांमुळे मिळणारा नकार यात मोडत नाही.

कार्यपद्धती : सर्व्हर आपसांत एसएमटीपी या नियमसंचाने बोलतात (जॉन पोस्टेल, आरएफसी ८२१, १९८२; सुधारित आरएफसी ५३२१, २००८). मजकूर संपल्यावर घेणाऱ्याकडून ‘२५०’ (स्वीकारले) हे उत्तर येईपर्यंत पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. तोवर ते रांगेत राहते. दोन प्रयत्नांत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे आणि चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नयेत, अशी शिफारस आहे. म्हणून काही तास लाइन बंद पडली तरी घाईने तेच पत्र पुन्हा पाठवू नये.

निदान : सुरुवात सर्व्हरच्या लॉगपासून करावी. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर बहुधा समोरच्या यंत्रापर्यंत वाट आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ‘टाइम्ड आउट’ असेल तर उत्तरच आलेले नाही. वाट तुटली आहे किंवा फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत आहे. घरगुती जोडण्यांवर अनेक सेवादाते स्पॅम रोखण्यासाठी पोर्ट २५ बंद ठेवतात. तेथे ५८७ वापरावा. छोटी पत्रे जातात आणि जोडपत्र असलेली अडकतात, हे लक्षण विशेष महत्त्वाचे. अशा वेळी वाटेतील एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) तपासावा; पॅकेट फार मोठे असल्याचे कळवणारे आयसीएमपी संदेश सरसकट अडवल्याने हा दोष अनेकदा उद्भवतो आणि महिनोन्‌महिने सापडत नाही.

दुबार पत्रे : मजकूर पोचला, पण ‘२५०’ परत येण्याआधी जोडणी तुटली, तर पाठवणारा पत्र पुन्हा धाडतो. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ मध्ये (आरएफसी १०४७) याची मीमांसा केली. ‘२५०’ या उत्तरासाठी किमान दहा मिनिटे थांबावे, अशी आरएफसी ५३२१ची शिफारस आहे.

पाचशे मैलांचे ईमेल : ट्रे हॅरिस यांनी २००२ मध्ये सांगितलेली, नव्वदच्या दशकातील अमेरिकी विद्यापीठाची घटना. सुमारे ५०० मैलांपलीकडे ईमेल जाईना. प्रणाली अद्ययावत करताना सेंडमेल या ईमेल पाठवणाऱ्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती बसली होती. नव्या रचनेची फाइल तिला न उमगल्याने जोडणीची प्रतीक्षामर्यादा शून्यावर आली. प्रत्यक्षात यंत्र सुमारे तीन मिलिसेकंद थांबे, आणि तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ५५८ मैल जातो. काही तपशील आपण बदलल्याचे हॅरिस यांनीच नमूद केले आहे. तरीही प्रतीक्षामर्यादा तपासण्याचे महत्त्व दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने इतके स्पष्ट होत नाही.

समुद्री केबल : वाट समुद्राखालीही तुटू शकते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्याने भारतातील इंटरनेटही मंदावले.