चिनी वाडगा आणि वसईची खाडी

जूचंद्र हें वसईच्या खाडीकडील मिठागरांचें गांव. चंडिकादेवीच्या देवळामुळें व तेथील रांगोळीकारांच्या कसबामुळें तें सर्वांस ठाऊक आहे. अशा गांवाच्या निमित्तानें आम्ही चिनी वाडग्याची कथा आरंभिली, तर या दोहोंचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध आहे तो खाडीचा.

1534 सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, व 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. मधलीं दोनशें पांच वर्षें ही खाडी गोव्याशीं, आणि गोव्याच्या द्वारें मलाक्का व मकाव यांच्याशीं जोडलेली होती. 1557 च्या सुमारास मकावास पोर्तुगीजांची वस्ती झाली, आणि चीनचीं निळींपांढरीं भांडीं त्यांच्या जहाजांतून पश्चिमेकडे वाहूं लागलीं.

या भांड्यांचें मुख्य माहेर म्हणजे चीनमधील जिंगडेझेन. चौदाव्या शतकांत तेथील कारागीर इराणाकडून आलेल्या कोबाल्टानें कच्च्या भांड्यावर चित्रें काढीत, वर पारदर्शक झिलई देत आणि मग तें प्रखर भट्टींत भाजीत. जूचंद्रची रांगोळी दुसऱ्या दिवशीं पुसली जाते. हा निळा रंग मात्र झिलईखालीं कोंडला गेल्यामुळें शतकानुशतकें टिकतो.

2021 च्या मार्चांत असाच एक वाडगा न्यूयॉर्कच्या लिलावांत 7,21,800 डॉलरांस विकला गेला. पंधराव्या शतकाच्या आरंभींचा, मिंग सम्राट योंगलो याच्या काळचा तो वाडगा कनेक्टिकटमध्यें कोणा गृहस्थानें घरगुती जुन्या सामानाच्या विक्रींत अवघ्या 35 डॉलरांस घेतला होता! मात्र तो तेथें कसा पोंचला, हें कोणासही सांगतां आलें नाहीं. किंमत कळली, इतिहास हरपला.

याच्या उलट प्रकार गोव्याजवळील सुंची खडकापाशीं दिसतो. सतराव्या शतकाच्या आरंभीं तेथें एक पोर्तुगीज जहाज बुडालें. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांस तेथें चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. त्यांच्यासमवेत हस्तिदंत, पाणघोड्याचे दांत व मर्तबानी रांजणांचीं खापरेंही मिळालीं. त्या फुटक्या तुकड्यांस बाजारांत कोण पुसणार? परंतु चीन, ब्रह्मदेश व आफ्रिका यांचा माल एकाच जहाजांत होता, ही साक्ष त्यांनींच दिली. आणि ती देतां आली, कारण ते जेथें पडले तेथेंच सांपडले.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच, कीं वसई-जूचंद्रच्या परिसरांत घराचा पाया खणतांना निळ्या रेषेचें एखादें खापर हातीं लागलें, तर त्याचें मोल विचारण्यापूर्वीं तें कोणत्या जागीं, किती खोलीवर व कशाच्या सोबतीस होतें, याची टिपणी करावी आणि पुरातत्त्वखात्यास कळवावें. वाडगा दुर्मिळ खराच. पण आपलें स्थान सांगणारें खापर त्याहूनही दुर्मिळ आहे.