सागरतीरावरील उपनगर आणि हक्काचे घर : एक ऐतिहासिक मागोवा

‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ ही म्हण खेड्यातील माणसाने केली असावी. धाडसारख्या घाटावरील गावात घर बांधले जाते, मुंबईत मात्र ते विकत घ्यावे लागते. गावात घराखालची जागा कोणाची, हा प्रश्न सहसा पडत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि शेताचा सातबारा प्रत्येकाच्या परिचयाचा असतो. परंतु शिक्षण, नोकरी वा व्यापाराच्या निमित्ताने मलकापूरला आगगाडीत बसून मुंबईस गेलेली पिढी जेव्हा पश्चिम उपनगरात चौथ्या मजल्यावर घर घेते, तेव्हा त्या घराखालची जमीन कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

आज ज्यास पश्चिम उपनगर म्हणतात, तो भाग मुळात साष्टी बेट होय. वांद्रे, जुहू, वेसावे, मढ, मनोरी, गोराई ही कोळी, भंडारी, आगरी व ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावे. मासेमारी, भातशेती, मिठागरे व माडांच्या वाड्या हा तेथील चरितार्थ. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. १८४५ मध्ये लेडी जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून माहीमचा बांध-रस्ता खुला झाला आणि साष्टी मुंबईस जोडली गेली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावली. समुद्रकाठची ही गावे शहराच्या आवाक्यात आली ती अशी.

तथापि वस्ती खऱ्या अर्थाने उत्तरेकडे सरकली ती १८९६ च्या प्लेगनंतर. दाट चाळींतील रोगराई पाहून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने दादर-माटुंगा भागात रस्ते, मोकळ्या जागा व भूखंड आखून नियोजित वसाहतींचा पाया घातला. समुद्रालगतचे शिवाजी पार्क मैदान १९२५ मध्ये खुले झाले आणि त्याभोवती मध्यमवर्गीय मराठी वस्ती वाढली. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू होताच उपनगरात राहून शहरात नोकरी करणे सुकर झाले. पुढे १९५० व १९५७ मध्ये दोन टप्प्यांत बृहन्मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली.

त्या काळी घर विकत घेण्याची कल्पनाच विरळ होती. बहुतेक मंडळी भाड्याने राहत. या परिस्थितीत मार्ग दाखविला तो सहकाराने. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. पाठोपाठ १९१८ मध्ये वांद्रे येथे साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. एकट्यास न झेपणारी जमीन समाजाने एकत्र येऊन घेतली आणि जमीन संस्थेच्या नावे राहिली, हे या प्रयोगांचे मर्म होते.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी घरे बांधण्याचा उत्साह मावळला आणि पागडीची प्रथा फोफावली. पागडीची रक्कम मोजूनही माणूस मालक होत नसे. १९९९ च्या कायद्याने या व्यवहारास मान्यता दिली. दरम्यान, बांधून विकावयाच्या सदनिकांचे युग अवतरले होते. खरेदीदारांची फसवणूक रोखण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. करार नोंदविल्याखेरीज किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, सदनिकाधारकांची संस्था स्थापन करावी आणि जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी, असे बंधन विकासकावर आले. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन स्थापिली आणि गृहकर्जाचे दार पगारदारांसाठी उघडले.

कायदा झाला, पण शेवटची अट अनेक ठिकाणी कागदावरच राहिली. सदनिका विकल्या गेल्या, मालमत्ता पत्रकावर मात्र जुन्याच मालकाचे नाव राहिले. इमारत तरुण असेतो कोणास त्याची झळ लागली नाही. ती जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ आली, तेव्हा रहिवाशांस कळले की डोक्यावरचे छप्पर आपले असले तरी पायाखालची भूमी आपली नाही. गावाकडची शेती विकून घर घेतलेल्या कुटुंबास हा धक्का किती मोठा असेल, याची कल्पना करता येते. यावर उपाय म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले. विकासक टाळाटाळ करीत असल्यास संस्थेस जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमिनीचा हक्क मिळविता येतो.

समुद्राकाठच्या घरास आणखी एक मर्यादा आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घातले. परिणामी किनाऱ्यालगतच्या अनेक जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडला. २०१९ च्या अधिसूचनेने शहरी भागातील हे निर्बंध बरेच शिथिल केले. तरीही कोणता भूखंड कोणत्या क्षेत्रात मोडतो, हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकणे हिताचे नाही. १ मे २०१७ पासून स्थावर संपदा कायदा पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार प्रकल्पाची नोंदणी, चटई क्षेत्रावर विक्री आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. कराराआधी घ्यावयाच्या रकमेची मर्यादाही दहा टक्क्यांवर आली.

या साऱ्या इतिहासाचे सार थोडक्यात सांगता येते. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, त्याहून लवकर अपुऱ्या कागदपत्रांनी घर खिळखिळे होते. समुद्राचे दर्शन खिडकीतून होते. मालकीचे दर्शन मालमत्ता पत्रक, भोगवटा प्रमाणपत्र आणि अभिहस्तांतरणाच्या दस्तातून होते. शेताचा व्यवहार करताना आपले वाडवडील सातबारा पाहिल्याशिवाय बयाणा देत नसत. तीच सावधता समाजातील तरुण पिढीने महानगरात नेली, तर कष्टाने जोडलेली पुंजी सुरक्षित राहील आणि एकत्र येऊन घर उभारणाऱ्या १९१५ च्या त्या मंडळींचा धडाही सार्थकी लागेल.