मोडणारा सापडला नाही, तर भरणार कोण?

मी विरारचा. दिवसा कोड लिहितो आणि रात्री जुने कायदे, जुने अहवाल चाळत बसतो. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना घाईत निघून गेलेले आकडे इथे नीट मांडलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. रात्री बिल्डिंगखाली लावलेल्या बाइकची सीट कोणीतरी ब्लेडने फाडली, इंडिकेटर तोडले, टाकीवर किल्लीने रेघ ओढली. कोणी केलं, माहीत नाही. पैसे कोणी भरायचे?

तुम्ही म्हणाल, इन्शुरन्स आहे ना! जरा थांबा. या प्रश्नाला आपल्याकडे गेल्या दोनशे वर्षांत चार वेगवेगळी उत्तरं दिली गेली. ती ओळीने बघितली की आपल्या डिक्कीतल्या त्या कागदाची खरी किंमत कळते.

पहिलं उत्तर: गाव भरेल

1818 मध्ये पेशवाई बुडाली. मुलुख इंग्रजांच्या ताब्यात आला आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये त्याच्यावर एक मोठा अहवाल लिहिला. त्यात गावच्या पोलीस व्यवस्थेचं वर्णन आहे. गावात पाटील, त्याच्या हाताखाली जागल्या, काही ठिकाणी रामोशी किंवा भिल्ल. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की तो शेजारच्या गावाच्या हवाली करायचा. त्या गावाने पुढच्या गावाच्या. आणि जिथे माग हरवला, त्या गावावर नुकसान भरून देण्याची जबाबदारी यायची.

बघा, किती चोख हिशेब आहे. ज्याच्या हातात पहारा, त्याच्याच खिशातून भरपाई. चोर सापडला नाही म्हणून मालकाने नशिबाला बोल लावत बसायचं कारण नाही. आणि पहारेकऱ्याला रात्री जागं राहायला याहून चांगलं कारण काय असणार?

ही युक्ती एकट्या मराठी मुलखाची नव्हती, बरं का. इंग्लंडमध्ये 1285 सालच्या विंचेस्टरच्या कायद्यातही लुटारू सापडला नाही तर त्या परगण्याच्या रहिवाशांनी भरपाई द्यायची, असं होतं. पुढे 1886 मध्ये लंडनच्या वेस्ट एंड भागात दंगल झाली आणि त्याच वर्षी दंगलीच्या नुकसानीचा कायदा आला. भरपाई पोलिसांच्या निधीतून. पण त्यात घर, दुकान, इमारत आणि त्यांच्या आतला माल एवढंच होतं. रस्त्यावर उभ्या गाडीचा तेव्हा प्रश्नच नव्हता. मोटारींना मर्यादित जागा मिळाली ती थेट 2016 च्या नव्या कायद्यात.

दुसरं उत्तर: गावाला दंड

इंग्रजांनी आपल्याकडे तत्त्व तेच ठेवलं, पण त्याची चव बदलली. 1861 च्या पोलीस कायद्यात अशी सोय होती की एखादा भाग अशांत ठरला तर तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करायचा. 1895 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि दंगलीत ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्यायची भरपाईसुद्धा रहिवाशांवर बसवता येऊ लागली.

मराठी माणसाला याचा सगळ्यात ठळक अनुभव आला तो पुण्यात. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मारणारे लगेच सापडले नाहीत. सरकारने पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि खर्च टाकला शहराच्या माथी. ज्यांनी काही केलं नव्हतं तेही कर भरत होते.

म्हणजे गावकीतली जबाबदारी आता सामूहिक शिक्षा झाली. फरक कुठे पडला? गावात पहाराही गावाचाच होता. 1897 च्या पुण्यात पहारा सरकारच्या हातात आणि बिल मात्र लोकांच्या नावावर.

तुम्हाला वाटेल, ही इंग्रजांची गोष्ट, गेली त्यांच्याबरोबर. नाही गेली. आपल्या राज्याच्या 1951 च्या पोलीस कायद्यात कलम 50 आणि 51 बघा. अशांत भागात जादा पोलीस, आणि बेकायदा जमावाने केलेल्या नुकसानीची भरपाई त्या भागातल्या रहिवाशांकडून. विरारमध्ये उद्या कोणाची सीट फाटली म्हणून हे कलम लागणार नाही. ते जमावासाठी आहे आणि त्याला सरकारची अधिसूचना लागते. एकट्यादुकट्याच्या रात्रीच्या खोडीसाठी वेगळा रस्ता आहे. तो जातो पोलीस चौकीत.

तिथे गेलात की एक शब्द भेटतो: एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा. 1860 च्या भारतीय दंड संहितेत अशा नुकसानीला नाव होतं ‘आगळीक’. कलम 427 होतं 50 रुपये किंवा त्याहून जास्त नुकसानीसाठी. 1860 मधले 50 रुपये! ती रक्कम कायद्यात 2024 पर्यंत तशीच राहिली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम 324 मध्ये 20 हजार आणि 1 लाख असे नवे टप्पे आले. फाटलेली सीट यातल्या खालच्या पायरीवरच बसते. अदखलपात्र म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. माग काढणारा जागल्या इथे संपला.

तिसरं उत्तर: विमा कंपनी भरेल

आता आपल्या कागदाकडे येऊ. मोटारीचा विमा सक्तीचा कसा झाला? ब्रिटनमध्ये 1930 च्या कायद्याने. आपल्याकडे 1939 चा मोटार वाहन कायदा आला, पण त्यातलं विम्याचं प्रकरण लागू झालं 1 जुलै 1946 पासून. आज 1988 च्या कायद्याचं कलम 146 तेच काम करतं.

पण सक्ती कशाची? थर्ड पार्टीची. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला पैसे मिळावेत, एवढ्यासाठी. आणि ते योग्यच आहे. रस्त्यावर ज्याचा पाय मोडला त्याने गाडीवाल्याची ऐपत बघत बसायचं का? पण या कायद्याला तुमच्या स्वतःच्या गाडीशी काही देणंघेणं नाही. पहिल्या दिवसापासून नव्हतं.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागू लागला. हेतू चांगला होता, कारण बिनविम्याच्या दुचाकी खूप होत्या. पण त्यातून एक गैरसमजही आला. ‘माझा 5 वर्षांचा इन्शुरन्स आहे’ असं म्हणणारे आमच्या ऑफिसात आणि आमच्या बिल्डिंगमध्ये कितीतरी आहेत. बऱ्याचदा असतं असं की थर्ड पार्टी 5 वर्षांची आणि स्वतःच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो फक्त पहिल्या वर्षाचा. दुसऱ्या वर्षी तो वेगळा घ्यावा लागतो. 1 सप्टेंबर 2019 पासून तो स्वतंत्रपणे मिळतोसुद्धा. पण पोलीस अडवतो तो थर्ड पार्टी नसेल तर. पहिल्यांदा 2,000 रुपये दंड, पुन्हा सापडलात तर 4,000. ओन डॅमेज नसेल तर कोणीच अडवत नाही.

आता ज्यांच्याकडे ओन डॅमेज आहे त्यांनी पॉलिसी उघडा. भारतीय मोटार टॅरिफमधून, म्हणजे 1 जुलै 2002 पासून लागू झालेल्या दरपत्रकातून, एक ठरलेली यादी आली. दर 1 जानेवारी 2007 पासून मोकळे झाले, पण शब्द बरेचसे तेच राहिले. आग, चोरी, भूकंप, पूर, दंगल आणि संप, दहशतवादी कृत्य. आणि त्यातच दोन शब्द: ‘मॅलिशियस अॅक्ट’. मुद्दाम, दुष्टपणाने केलेलं कृत्य. तुमची फाटलेली सीट इथे बसते.

पुढे अपवादांचं पान बघा. युद्ध, बंड, लष्करी उठाव यांत नुकसान झालं तर पैसे नाहीत. दंगल चालेल, बंड चालणार नाही! त्याखाली अजून बारीक गोष्ट आहे. टायर-ट्यूबचं नुकसान तेव्हाच, जेव्हा त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालंय, आणि तेही निम्म्यापर्यंत. म्हणजे कोणी नुसता टायर कापला तर या ठरलेल्या शब्दांप्रमाणे काहीच नाही. जोडलेली अॅक्सेसरी चोरीला गेली पण गाडी जागेवर राहिली, तरीही नाही.

आता हिशेब करू. तोडफोडीत प्लास्टिकचे पार्ट गेले, समजा 1,600 रुपयांचे. प्लास्टिक आणि रबरावर 50 टक्के घसारा कापला जातो. उरले 800. दुचाकीची सक्तीची वजावट 100. हातात 700.

दुसरी बाजू बघा. नो क्लेम बोनस असतो 20, 25, 35, 45, 50 टक्के, असा चढता. तुम्ही आज 35 टक्क्यांवर आहात आणि ओन डॅमेजचा मूळ हप्ता 1,000 रुपये धरू. क्लेम नाही केला तर पुढची 5 वर्षं सवलत 45, 50, 50, 50, 50. क्लेम केला तर 0, 20, 25, 35, 45. फरकांची बेरीज 120 टक्के, म्हणजे 1,200 रुपये. 700 घेण्यासाठी 1,200 गमवायचे. पैसे कमी कापणारं झिरो डेप घेतलं तर गणित थोडं बदलतं, पण हप्ता वाढतो.

मग विमा फसवा आहे का? अजिबात नाही. जून 2015 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर एका रात्रीत सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या डझनावारी गाड्या जाळल्या गेल्या. गाडी राख झाली की हाच कागद कामाचा. मोठ्या घावासाठी विमा आहे. ब्लेडच्या रेघेसाठी त्याची रचनाच नाही.

चौथं उत्तर: ज्याने हाक दिली त्याने भरावं

हे उत्तर न्यायालयांनी दिलं. 30 जुलै 2003 च्या मुंबई बंदबद्दल माजी कॅबिनेट सचिव भालचंद्र देशमुख आणि इतर काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2004 मध्ये न्यायालयाने शिवसेना आणि भाजप या दोन्ही पक्षांना प्रत्येकी 20 लाख रुपये भरायला सांगितले. पुढे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंदोलनातल्या नुकसानीसाठी मार्गदर्शक तत्त्वं घातली. नुकसान मोजायला दावे आयुक्त नेमायचे आणि ज्यांनी नुकसान केलं त्यांच्याबरोबर आयोजकांनाही जबाबदार धरायचं. 1984 चा कायदा फक्त सार्वजनिक मालमत्तेपुरता आहे. एसटीची काच फुटली तर तो लागतो, तिच्या शेजारी उभ्या तुमच्या बाइकला नाही. 2009 च्या तत्त्वांनी खाजगी मालमत्तेलाही पहिल्यांदा नीट जागा दिली.

पण इथेही हाक देणारा कोणीतरी लागतो. अंधारात येऊन सीट फाडणाऱ्याला आयोजक नसतो.

मग विरारमध्ये काय?

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली. तेव्हापासून आपला माणूस सकाळी इथून निघतो आणि रात्री परत येतो. दिवसभर त्याची बाइक स्टेशनबाहेर, रात्री बिल्डिंगखाली. दोन्हीकडे मालक जवळ नाही. स्टेशनच्या पे अँड पार्कच्या पावतीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं असतं. तेही शेवटचं वाक्य नाही, बरं का. 2019 मध्ये ताज महाल हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किल्ली ताब्यात घेऊन गाडी सांभाळायला घेतली, तर नुसती अशी ओळ छापून निष्काळजीपणातून हात झटकता येत नाहीत. तो निकाल हॉटेलच्या व्हॅलेचा होता. आपण मात्र किल्ली खिशात घालून लोकल पकडतो.

दोनशे वर्षांचा हा प्रवास बघून मला एक गोष्ट पटलीय. पहारा आणि भरपाई एका हातात होते तेव्हा दोन्ही चालत होते. आज वॉचमन एका एजन्सीचा, कॅमेरा सोसायटीचा, तपास चौकीचा, पैसे विमा कंपनीचे. चौघांपैकी एकालाही माग हरवल्याची किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो गाडीवाला.

म्हणून माझा प्रस्ताव जुनाच आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा महिन्याचा चार्ज ठरतो, तेव्हा त्यातला थोडा भाग लहान नुकसानीच्या निधीसाठी ठेवायचा ठराव मांडा. 1,500-2,000 रुपयांपर्यंतची तोडफोड, एनसीची प्रत आणि फोटो दाखवले की त्यातून भरायची. निधी रिकामा होऊ लागला की कॅमेरा बंद का आहे, हा प्रश्न सगळेच विचारतील. मोठ्या नुकसानीसाठी ओन डॅमेज चालू ठेवा. तसं झालं तर आधी फोटो, मग चौकी, मग कंपनीला कळवणं आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू न देणं, हा क्रम पाळा.

आणि आज घरी गेलात की पॉलिसी काढून एकच ओळ बघा: ओन डॅमेज कुठल्या तारखेपर्यंत आहे. तारीख उलटून गेली असेल तर मला जरूर कळवा, म्हणजे आपल्या ऐकणाऱ्यांत असे किती जण आहेत ते पुढच्या भागात सांगता येईल. भेटूया!