वेतनपत्रकातील दुष्काळ

आपण प्राध्यापक मंडळी आपल्या वेतनपत्रकाकडे एरवी बारकाईने पाहतो. पण त्यातील एका कपातीचा इतिहास आपल्याला सहसा ठाऊक नसतो. व्यवसाय कराचे दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. हा कर १९७५ मध्ये महाराष्ट्राने बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातील पगारदाराने दुष्काळी गावातील मजुराच्या मजुरीचा भार उचलावा, असा त्यामागचा सरळ विचार होता. आज जागतिक परिषदांमधून 'हवामान न्याय' हा शब्द ऐकू येतो, तेव्हा मला या दोनशे रुपयांची आठवण होते.

या विचाराचा उगम सांगली जिल्ह्यातला आहे. तासगाव तालुक्यातील विसापूर हे वि. स. पागे यांचे कार्यक्षेत्र. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य मानावे, ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली आणि १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग विसापुरात झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

दुष्काळी कामे ही काही नवी गोष्ट नव्हती. ती ब्रिटिश अमदानीतही निघत. परंतु तेव्हा दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवी आणि मगच खडी फोडण्याचे काम मिळे. १९७७ च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. आता मजूर मागणी करणार आणि शासन पंधरा दिवसांत काम देण्यास बांधील राहणार. दयेच्या जागी हक्क आला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (१९५५) अखेरीस दुष्काळाने गावच उठून जाते. माणदेशातल्या माणसापुढे तोवर गाव सोडणे हाच मार्ग होता. त्याला गावाजवळ राहून जगण्याचा दुसरा मार्ग कायद्याने प्रथमच देऊ केला.

येथे एक आक्षेप येईल. त्या काळी तापमानवाढीची चर्चा कुठे होती? खरे आहे, पागे यांच्यासमोर बेकारी आणि दुष्काळ होता, कार्बन नव्हता. परंतु १९९२ च्या रिओ परिषदेने 'सामाईक पण भिन्न जबाबदारी' हे जे तत्त्व मान्य केले, त्याचा गाभा हाच की संकट सर्वांचे असले तरी ज्याची ऐपत अधिक त्याने भार अधिक उचलावा. पाऊस चुकण्यात माणच्या मजुराचा दोष नव्हता आणि मुंबईच्या कारकुनाचाही नव्हता. तरी दुसऱ्याने पहिल्यासाठी कर भरावा, हे एका राज्य सरकारने रिओच्या सतरा वर्षे आधी कायद्यात लिहिले. श्रीमंत राष्ट्रांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे वर्षाला शंभर अब्ज डॉलरचे आश्वासन दिले. ते द्यावयाचे होते २०२० पर्यंत, आणि त्या मुदतीत ते पुरे झाले नाही. त्या आश्वासनामागे कुठला ठरावीक कर नव्हता आणि संकटग्रस्ताला दाद मागण्याचा हक्कही नव्हता. विसापूरहून निघालेल्या कायद्यात हे दोन्ही होते.

अर्थात या कायद्याचे गोडवेच गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोजगार हमीच्या निधीत रकमा शिल्लक पडत आणि मजूर मात्र कामाची वाट पाहत, ही टीका वारंवार झाली. पाझर तलावाचे पाणी ज्याला जमीन आहे त्याच्याच विहिरीला लागे. भूमिहीनाच्या हाती मजुरीच तेवढी उरे. हा प्रश्न सांगली जिल्ह्यातच उघडपणे विचारला गेला. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने दुष्काळी कामावरच्या मजुरांना संघटित केले. आम्ही नुसती खडी का फोडायची, दुष्काळ हटवणारे काम का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यातूनच येरळा नदीवर बलवडी येथे बळीराजा स्मृती धरण उभे राहिले आणि भूमिहीनांसह सर्वांना समान पाणी ही मागणी पुढे आली. कायदा शासनाने केला. त्यातील न्यायाचा अर्थ लोकांनी वाढवला.

केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. मात्र महाराष्ट्राची हमी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आणि दिवसांच्या मर्यादेविना होती. केंद्राची हमी कुटुंबाला वर्षाकाठी शंभर दिवसांची झाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के वाटाही आला. म्हणजे जबाबदारी कोणाची, हा जुना प्रश्न पुन्हा राज्यांच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

२०२१ च्या ग्लासगो परिषदेच्या वेळी महाराष्ट्राला प्रादेशिक नेतृत्वाबद्दल 'अंडर टू कोअलिशन' या राज्य सरकारांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीचा पुरस्कार मिळाला. त्याचा आनंद आहेच. परंतु त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१९ च्या उन्हाळ्यात, माण आणि आटपाडीत जनावरे चारा छावण्यांत होती आणि ऑगस्टमध्ये सांगली शहर कृष्णेच्या पुराखाली होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला पाचशेच्या आसपास. हा विरोध आता अधिक तीव्र होऊ लागला आहे. सौर पंप आणि पवनचक्क्या हव्यातच. पण दुष्काळात वा पुरात ज्याचे हातचे काम गेले, त्याने कोणाकडे आणि कुठल्या हक्काने मागायचे, याचे उत्तर त्या यंत्रांकडे नाही. ते एकदा आपल्याच विधिमंडळाने दिले होते. आपल्या वेतनातून ते दोनशे रुपये आजही कापले जातात. कशासाठी, हे विचारण्याचा अधिकार आपलाही आहे.