मागणीपुरत्या आगगाड्या

लहानपणी कल्याणच्या फलाटावर मी ‘खेकडा’ पाहिला. दोहों बाजूंना लांब नाकाडे आणि मध्ये खोली, असे ते घाटातले विजेचे इंजिन. स्वित्झर्लंडमधल्या त्याच्या भाऊबंदाला ‘मगर’ म्हणतात. त्या मगरीची छोटी प्रतिकृती आपल्याजवळ असावी, हे वेड मला पन्नाशीनंतर लागले.

अशा गाड्या करणारा जर्मनीतला मेर्कलिन कारखाना १८५९ सालचा. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्याने ठरावीक मापाचे रूळ मांडले. यंदा इंजिन घ्यावे, पुढच्या नाताळात डबा, दोन्ही जुळणार. मुलाने दुकानाच्या काचेला नाक लावावे, बापाने पाकीट काढावे. माल आधी, गिऱ्हाईक मागून.

पुढे गिऱ्हाईक प्रौढ झाले आणि चोखंदळही. बारीकसारीक तपशील हवा तर साचा महाग, आणि घेणारे मोजके. १९९३ साली मेर्कलिनने सभासदांचे मंडळ काढले. नमुना जाहीर करायचा, मुदतीपर्यंत मागण्या नोंदवायच्या, तेवढ्याच गाड्या करायच्या. याला मी निव्वळ लोभ म्हणणार नाही. दीडशेव्या वर्षी, २००९ साली, याच कारखान्यावर दिवाळखोरीची पाळी आली होती.

पण ती जोखीम आता थोडीफार आमच्याही माथी आली आहे. दुसऱ्या एका कारखान्याकडे मी मगर नोंदवली, त्याला ही दुसरी दिवाळी. मी थांबेन. काचेपाशी उभ्या असलेल्या पोराचे काय? न पाहिलेली वस्तू ते कशी मागणार? मीसुद्धा खेकडा आधी पाहिला होता.